बाजाराच्या दिवशी स्टँडवर सारंगी: एक प्रकरण अभ्यास

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याचं बसस्थानक, बाजाराचा दिवस, ऑक्टोबरातला परतीचा पाऊस. नाल्यावरचा पूल पाण्याखाली गेल्यामुळे पलीकडच्या गावांच्या गाड्या दुपारपासून सुटल्या नव्हत्या. अशा साचलेल्या गर्दीत एका म्हाताऱ्या नाथजोग्याने सारंगी वाजवायला घेतली. लोक ऐकत राहिले. मग त्याच्यावर संशय घेतला गेला, एका बाईने त्याला जामीन राहावं तशी साक्ष दिली, आणि शेवटी स्थानकाच्या वाहतूक नियंत्रकाला निर्णय करावा लागला. एवढंच हे प्रकरण.

मी समाजकार्य शिकवते. त्या दिवशी मी स्थानकावर होते. नंतर नियंत्रक, चहाची टपरी चालवणारे, ऐकणाऱ्यांपैकी दोघी बाया आणि स्वतः जोगीबुवा यांच्याशी बोलून हे टिपण केलं आहे. माणसांची आणि गावाची नावं मुद्दाम गाळली आहेत. माझं म्हणणं आधीच सांगते. सार्वजनिक जागी गाणं ऐकलं जातं की नाही, हे तिथल्या माणसांकडे स्वतःचा वेळ आहे का यावर ठरतं. आणि गाणारा तिथे टिकतो की नाही, हे त्याला ओळखणारं कोणी तिथे हजर आहे का यावर.

जागा आणि माणसं

स्थानक नेहमीसारखंच. स्लॅबचं छत, सिमेंटचे कट्टे, खांबावर भोंगा, कोपऱ्यात कोणाच्या तरी स्मरणार्थ बांधलेली पाणपोई, बाहेर चहा आणि आलूबोंड्याची टपरी. सोयाबीन निघालं होतं, कापसाची पहिली वेचणी सुरू व्हायची होती, आणि पावसाने वावरात चिखल झाल्यामुळे मजुरीला खाडा पडला होता. म्हणून बाजाराला रोजच्यापेक्षा जास्त बाया आल्या होत्या. थैल्यांतून सांबार (कोथिंबीर) डोकावत होता, एकीच्या मांडीवर पाय बांधलेली कोंबडी होती, एक जण फवारणीचा नवा पंप पायाशी घेऊन बसला होता.

गेल्या काही वर्षांत या कट्ट्यांवरची माणसं बदलली आहेत, आणि या प्रकरणात त्याला महत्त्व आहे. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं. त्याच्या आधी, ऑगस्ट २०२२ मध्ये, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांचा प्रवास मोफत झाला. त्यामुळे आज तालुक्याच्या स्थानकावर दुपारी सर्वांत जास्त दिसतात त्या बाया आणि म्हातारी माणसं. कर्ता पुरुष मोटारसायकलवर गेलेला असतो. जुनी गाणी ज्यांच्या कानात आहेत, त्याच माणसांना बसची वाट पाहावी लागते.

आवाजाचं म्हणाल तर तिथे आवाजाला तोटा नाही. इंजिनाची घरघर, कंडक्टरची दुहेरी घंटी, 'गरम फल्लीऽऽ' अशी शेंगा विकणाऱ्याची हाळी, भोंग्यातून फलाटांची नावं, आणि त्या सगळ्यावर दहा मोबाइलांतून दहा वेगवेगळ्या गाण्यांचे तुकडे. खंजिरी वाजली असती तर कोणी मानही वळवली नसती. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा हा मुलूख. यावली आणि मोझरी दोन्ही शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, आणि खंजिरी भजनाची मंडळं इथे गावोगाव आहेत. सारंगी मात्र कोणाच्या मनीध्यानी नव्हती.

काय घडलं

जोगीबुवा पाणपोईच्या मागे, खांबाला टेकून खाली बसले होते. अंगात भगवी बंडी, डोक्याला फेटा, गळ्यात रुद्राक्षाची माळ, शेजारी गाठोडं. त्यांनी पिशवीतून वाद्य काढलं तेव्हा त्यांच्याकडे कोणाचंही लक्ष नव्हतं. मी जवळच्या कट्ट्यावर होते म्हणून मला ते दिसलं. एकाच लाकडातून कोरलेलं खोड, पोटावर ताणलेलं कातडं, तीन तारा. गज घोड्याच्या शेपटीच्या केसांचा, त्याच्या टोकाला पाचसहा घुंगरू. पावसाच्या हवेने कातडं सैल पडलं होतं. त्यांनी टपरीवाल्याकडे हातानेच परवानगी मागितली आणि भट्टीच्या धगीवर वाद्य हातभर अंतरावर धरून फिरवलं. अंगठ्याने टिचकी मारून पाहिली, पुन्हा धरलं. मग वाद्याचं पोट कानाला लावून खुंट्या पिळल्या. इतक्या कोलाहलात दुसऱ्या कशाने स्वर लागलाच नसता.

सुरुवात त्यांनी गाण्याने केली नाही. एकच खालचा स्वर बराच वेळ ओढून धरला. गजाच्या केसांना राळ चोळलेली असते. ते केस तारेला धरतात, ओढतात आणि सोडतात, सेकंदाला शेकडो वेळा. त्यामुळे आवाज तुटत नाही. स्थानकावरचे बाकीचे सगळे आवाज तुटक असतात: हॉर्न वाजतो आणि थांबतो, हाळी येते आणि विरते. शिवाय इंजिनाची घरघर बरीचशी खालच्या पट्टीतली, तर तारेच्या नादात वरचे स्वरांश भरपूर. माणसाचा कान साधारण दोन ते पाच हजार हर्ट्झच्या टप्प्यात सर्वांत तीक्ष्ण असतो, म्हणून गोंगाटाच्या वरून हा बारीक आवाज सरळ पोचतो. झालंही तसंच. लोकांनी आधी इकडेतिकडे पाहिलं. एकीने भोंग्याकडे पाहिलं. कोंबडीवाली म्हणाली, "कोनाचा फोन हाय हा?" आवाज कुठून येतो हे कळायच्या आतच तो सगळ्यांना ऐकू आला होता.

मग घुंगरांनी ठेका धरला आणि बुवा गोपीचंदाच्या कथेतला तुकडा गायला लागले. राजा अंगणात न्हायला बसला आहे, वर माडीवर त्याची आई मैनावती उभी आहे. हे सुंदर शरीरही एक दिवस जायचं, या विचाराने तिच्या डोळ्यांतून पाणी येतं आणि थेंब मुलाच्या पाठीवर पडतो. राजा वर पाहतो: आभाळात ढग नाही, मग हा पाऊस कुठून आला? नाथपंथी जोगी गोपीचंद आणि भर्तरी यांच्या कथा पिढ्यान् पिढ्या दारोदार गात आले आहेत. गोपीचंद पुढे राज्य सोडून झोळी घेतो, हे कट्ट्यावरच्या म्हाताऱ्यांना ठाऊक होतं. पुढचं ठाऊक असल्यामुळेच ते जास्त लक्ष देऊन ऐकत होते. एका आजोबांनी चष्मा काढून हातात धरला. फल्लीवाला हाळी द्यायचा थांबला. बारावीतल्या वाटाव्यात अशा दोन मुली उठून जवळ आल्या आणि खाली फरशीवर बसल्या. मोबाइलही बंद होत गेले, पण सगळे नाही.

नंतर बुवा मला म्हणाले, "उभ्या मानसाले गानं आयकू येत नाई. बसेल मानसाले येते." ते गाडी लागलेली असताना कधीच सुरू करत नाहीत. अख्खी कथा गायला रात्र पुरत नाही, म्हणून स्थानकासाठी त्यांनी तिचे तुकडे पाडले आहेत. प्रत्येक तुकडा एका ठिकाणी येऊन पुरा होतो, ऐकणारा गाडी लागली म्हणून उठला तरी त्याला अर्धवट सोडून गेल्यासारखं वाटू नये असा. दारावर गाताना हे करावं लागत नव्हतं, कारण तिथे घर जागचं हलत नव्हतं. ही कारागिरी कोणत्या विद्यालयात शिकवत नाहीत, आणि माझ्या मते तिची नोंद व्हायला हवी.

त्या दुपारी एका व्यक्तीला हे गाणं नको होतं, तेही लिहिलं पाहिजे. एक तरुण आई तापाने फणफणलेलं लेकरू घेऊन ग्रामीण रुग्णालयातून परत आली होती. पाणपोईजवळच्याच कट्ट्यावर ती त्याला थोपटत होती. सारंगी सुरू झाली तसं ते दचकून रडायला लागलं. ती काही बोलली नाही, नुसती उठायला लागली. बुवांनी ते पाहिलं, गज थांबवला, गाठोडं उचललं आणि स्वतःच फलाटाच्या दुसऱ्या टोकाला गेले. ऐकणारे त्यांच्या मागोमाग गेले. सार्वजनिक जागा तिचीही होती, आणि जिला उठून जाणं अवघड होतं तिला त्यांनी उठू दिलं नाही.

संशय

दुसऱ्या टोकाला दुसरी माणसं होती. तिथे एका तरुणाने मोबाइल समोर धरून चित्रण सुरू केलं आणि करता करता विचारायला लागला, "काहून हो बावाजी, कोन्या गावचे तुमी? आधार कार्ड हाय का? झोऱ्यात काय हाय?" त्या दोन मुली बुवांच्या अगदी पुढ्यात बसल्या होत्या. त्याकडे बोट करून दुसरा म्हणाला, "पोट्ट्यायले काहून जमा करून रायला हा?" एवढ्या एका वाक्याने हवा बदलली. मुली उठून मागे सरकल्या. काही पुरुष पुढे आले.

अशा वाक्याचं पुढे काय होऊ शकतं हे महाराष्ट्राने पाहिलं आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, आठवडी बाजाराच्याच दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारलं. ते एसटीतून उतरले होते. मोबाइलवर फिरणाऱ्या अफवेने त्यांचा जीव घेतला. किंगरीवाले, नाथजोगी, डवरी गोसावी ही सगळी मंडळी राज्याच्या यादीत भटक्या जमाती (ब) मध्ये येतात. फिरून गाणं हे त्यांचं पिढीजात पोट भरण्याचं साधन, आणि अनोळखी गावात नेमकं तेच संशयाचं कारण होतं. बुवांच्या गाठोड्यात आधार कार्डाची प्लास्टिकमध्ये घातलेली प्रत होती आणि त्यांच्या गावच्या पोलीस पाटलाचं पत्र होतं. राईनपाड्यानंतर ते या कागदांशिवाय घराबाहेर पडत नाहीत. ते कागद काढायला त्यांनी गाठोड्यात हात घातला, तर पुढचा माणूस ओरडला, "काय काढून रायला?"

त्या क्षणी ती म्हातारी उठली. कोंबडीवालीच्या शेजारी बसलेली, सत्तरीपुढची. तिने आधी बुवांना विचारलं, "तू त्या सारंगीवाल्याचा ना रे? त्याचा एक डोया बारीक होता?" बुवा म्हणाले, "हौ माय. बाप होता थो." मग ती त्या पोराकडे वळली. "याचा बाप येत होता आमच्या घरी. दर साली, तूर निंघाली का. सुपभर जवारी घेतल्याबिगर हालत नोता. तू तवा जल्मला बी नोता. ठेव तो फोन खिशात."

त्याने लगेच ठेवला नाही, पण हात खाली आला. माझ्या दृष्टीने प्रकरणाचा सांधा इथे आहे. कागद तर होतेच, पण ते गाठोड्यातून बाहेर येईपर्यंत वेळ मिळवून दिला तो ओळखीने. गावोगाव दारावर येण्याच्या रीतीत ही ओळख आपोआप साठत असे: ठरलेला हंगाम, ठरलेली घरं, सुपातलं धान्य, बापानंतर मुलगा. आता बहुतेक दारं दिवसा बंद असतात म्हणून बुवा स्थानकावर बसतात. स्थानकावर गर्दी मिळते, पण ती रोज वेगळी असते. त्या दिवशी ती म्हातारी नसती तर काय झालं असतं, हा प्रश्न मी वर्गात विद्यार्थ्यांना विचारते तेव्हा सगळे गप्प होतात.

नियंत्रकाचा निर्णय

गलका ऐकून वाहतूक नियंत्रक खोलीतून बाहेर आले. त्यांच्यासमोर सोपा मार्ग होता: बुवांना स्थानकाबाहेर काढणं. कायद्याचा आधारही मिळाला असता. मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियम, १९५९ मध्ये भीक मागण्याची व्याख्याच अशी आहे की सार्वजनिक जागी गाणं म्हणून, नाचून, भविष्य सांगून किंवा खेळ करून दान घेणं तिच्यात बसतं. दिल्ली उच्च न्यायालयाने ८ ऑगस्ट २०१८ रोजी या कायद्यातल्या कित्येक तरतुदी दिल्लीपुरत्या रद्द केल्या, भीक मागणं हा गुन्हा ठरवता येणार नाही म्हणून. महाराष्ट्रात मात्र गाणारा जोगी आजही त्या व्याख्येच्या आत उभा आहे. आवाजाच्या नियमांचा प्रश्न नव्हता. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते, आणि वाद्यांवरचं बंधन रात्री दहा ते सकाळी सहाचं आहे. भर दुपारी विनाभोंग्याची सारंगी त्यात कुठेच येत नाही.

नियंत्रकांनी कागद पाहिले, पोलीस पाटलाला स्वतःच्या फोनवरून विचारून घेतलं, आणि ते उत्तर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. हे फार शहाणपणाचं होतं. संशय चारचौघांत घेतला गेला होता, तो फेडणंही चारचौघांतच व्हायला हवं होतं. मग बुवांना म्हणाले, "मी माइकवर बोलत असलो की थांबायचं. गाडी लागली की थांबायचं. लोकांच्या मागे झोळी घेऊन फिरायचं नाही, एका जागी बसा. बाकी वाजवा."

या अटी कोणत्या परिपत्रकातून आलेल्या नव्हत्या, त्यांनी उभ्या उभ्या घातल्या. मी नंतर विचारलं, काढून का नाही दिलं? ते म्हणाले की पूल उघडेपर्यंत तीनशे माणसं त्यांच्या खिडकीशी भांडायला येणार होती. सारंगी सुरू असताना खिडकीशी दोघंचौघंच होते. हे कारण व्यवहाराचं आहे आणि मला ते पटतं. मोठ्या तत्त्वापेक्षा असं कारण दुसऱ्या नियंत्रकाला सांगणं सोपं.

वॉशिंग्टनचं उदाहरण इथे का लागू होत नाही

सार्वजनिक जागी संगीत म्हटलं की एक प्रयोग हमखास सांगितला जातो. १२ जानेवारी २००७ रोजी सकाळी कामावर जाण्याच्या वेळी, वॉशिंग्टनच्या एका मेट्रो स्थानकात जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक जोशुआ बेल साध्या कपड्यांत, टोपी घालून उभा राहिला आणि १७१३ साली बनलेल्या स्ट्रॅडिव्हेरियस व्हायोलिनवर ४३ मिनिटं वाजवलं. त्याच्यासमोरून १,०९७ माणसं गेली. थांबून ऐकणारी सात. समोर ठेवलेल्या पेटीत बत्तीस डॉलर आणि काही सेंट जमले. या प्रयोगावर वॉशिंग्टन पोस्ट या दैनिकात आलेल्या लेखाला पुढच्या वर्षी पुलित्झर हा पत्रकारितेचा पुरस्कार मिळाला. आपल्याकडे हा प्रयोग सांगताना शेवट ठरलेला असतो: माणसाला सौंदर्याची कदर राहिली नाही.

मला हा निष्कर्ष त्या माणसांवर अन्याय करणारा वाटतो. सकाळी आठच्या सुमाराला कार्यालय गाठायला निघालेल्या माणसाचा वेळ त्याच्या मालकाचा असतो. तिथल्या लहान मुलांना थांबून पाहायचं होतं, आईबापांनी त्यांना ओढत नेलं, असं त्याच लेखात आहे. मुलांकडे वेळ होता. आमच्या स्थानकावर पुराने सगळ्यांनाच तसा वेळ दिला. त्यात कट्ट्यावर बसलेल्या बहुतेकांना गाण्याची भाषा कळत होती, कथा माहीत होती, आणि गाणारा उभ्या माणसासाठी गातच नव्हता. बुवांना त्या मेट्रोत उभं केलं असतं तर त्यांनी सारंगी पिशवीतून काढलीच नसती, याची मला खात्री आहे.

पैशाचं काय

याबद्दल थोडक्यात. दारावर धान्य मिळायचं, स्थानकावर नाणी आणि दहाच्या नोटा मिळतात. बाजार करून परतणाऱ्या बाईजवळ सुटे उरलेलेच नसतात. एका मुलीला द्यायचे होते, पण तिच्याजवळ फक्त फोन होता आणि बुवांजवळ साधा बटणांचा फोन. तिने टपरीवाल्याच्या कोडवर वीस रुपये पाठवले आणि त्याने गल्ल्यातून वीसची नोट काढून बुवांना नेऊन दिली. मग आणखी तिघाचौघांनी तसंच केलं. टपरीवाल्याने त्यातून काही कापून घेतलं नाही, वर बुवांना चहा दिला. कोणी न सांगता उभी राहिलेली ही सोय मला फार मोलाची वाटली. म्हातारीने पैसे दिलेच नाहीत. तिने थैलीतून ज्वारी काढून त्यांच्या झोळीत ओतली, चांगली दोन ओंजळ.

बुवांचा मुलगा सारंगी वाजवत नाही. तो मोटारसायकलवर ब्लँकेटं आणि चादरी विकतो. बापाने त्याला अडवलं नाही. "लोकायनं त्याले कागद मांगू नये, एवढंच," असं ते म्हणाले.

मागणं

या प्रकरणातून आगार व्यवस्थापनाकडे मी जे मागणार आहे ते फार नाही. नियंत्रकांनी तोंडी घातलेल्या तीन अटी लेखी याव्यात. भोंग्यापासून आणि पाणपोईपासून लांबचा एक कट्टा अशा कलावंतांसाठी सांगून ठेवावा, म्हणजे आजारी माणसाला उठावं लागणार नाही. आणि स्थानकाच्या वहीत त्यांची एकदा नोंद व्हावी: नाव, गाव, पोलीस पाटलाचा फोन. नोंद केल्यावर एक चिठ्ठी द्यावी, जी गाठोड्यात न ठेवता समोर मांडता येईल. गाठोड्यात हात घालण्याची वेळ पुन्हा येऊ नये म्हणून ही चिठ्ठी मला सर्वांत निकडीची वाटते. नोंदवहीने पाळत ठेवल्यासारखं होईल, असा आक्षेप माझ्या एका सहकाऱ्याने घेतला आणि तो बिनबुडाचा नाही. भटक्या जमातींना नोंदवह्यांचा जुना आणि कडू अनुभव आहे. म्हणून मी बुवांनाच विचारलं. त्यांचं उत्तर होतं की वही कोणाच्या हातात राहते ते महत्त्वाचं: पोलिसाच्या नको, स्टँडवाल्याच्या चालेल. मागणीत तसंच लिहिलं आहे.

तूर निघायच्या सुमाराला ते पुन्हा या बाजूला येणार आहेत. आत्ताचे नियंत्रक मार्चपर्यंत इथे आहेत, आणि त्यांची स्वतःची शिफारस सोबत जोडायला ते तयार आहेत. म्हणून अर्ज याच आठवड्यात द्यायचा आहे. विद्यार्थ्यांपैकी दोघं त्यासाठी टपरीवाल्याचं आणि त्या म्हातारीचं म्हणणं लिहून आणायला गेले आहेत.